दारावरचं तिसरं नाव

नव्या घरात अजून गालिचा अंथरला नव्हता, चुलीवर चहाचं पाणी चढलं नव्हतं, आणि शकीबानं सगळ्यात आधी काय केलं, तर दारावरच्या घंटीशेजारी घरातल्या माणसांची नावं चिकटवली. वर नवऱ्याचं, त्याखाली स्वतःचं, आणि त्याच्याही खाली, जागा उरली होती म्हणून की काय, सासूचं.

"बीबीजान, हे बघा, हे तुमचं," असं म्हणत तिनं बोटानं दाखवलंही.

गुलअंदामला अक्षरं फारशी लागत नव्हती. पण वर काय आणि खाली काय, एवढं कळायला शाळेत जावं लागत नाही.

बुटांचं तर विचारूच नका. ही बाई कामावरून आली की एक बूट जिन्याच्या पायरीवर आणि दुसरा भिंतीला टेकून आडवा. नात यल्दा, बोटाएवढी पोर, तीही आईच्याच वळणावर गेलेली. दारात पाऊल टाकलं की घरात माणसं किती, कुठल्या मापाची, कुणाचे तळवे झिजलेले, सगळं येणाऱ्याजाणाऱ्याला दिसलंच पाहिजे. मागच्या अंगणात दोरीवर कपडे, त्यात सासूच्या सलवारीसुद्धा, शेजारची फ्लेमिश म्हातारी खिडकीतून मोजू शकेल अशा.

"आमच्या वेळी घर असं ठेवायचो," गुलअंदाम म्हणायची, "की बाहेरच्याला वाटावं, आत कुणी श्वास घेत नाही."

"मग राहायचं तरी कशाला, बीबीजान?" शकीबा हसायची.

तिला हसू येणारच. ती बापाच्या खांद्यावर बसून ह्या देशात आली, तेव्हा तिचे दुधाचे दातही पडले नव्हते. तिच्या डोक्यात हेरात नाही, मशहद नाही. बेल्जियमचा पाऊस पिऊन वाढलेली पोर ती.

अँटवर्पचं घर सुटलं ते मालक वारला म्हणून. त्याच्या मुलांनी घर विकायला काढलं. शकीबाच्या नवऱ्याला, फर्हादला, गेंटच्या अलीकडच्या ह्या गावात, भाज्या गोठवण्याच्या कारखान्यात काम लागलं होतं, म्हणून सगळं बिऱ्हाड इकडे आलं. सामान लागल्यावर शकीबा सासूला आणि पोरीला घेऊन नगरपालिकेत गेली, पत्ता बदलल्याचं सांगायला. परदेशी लोकांच्या खिडकीत बसलेली बाई तोंडानं गोड होती. तिनं कार्डं बघितली, गुलअंदामचं कार्ड उलटसुलट केलं आणि शकीबाशी बराच वेळ बोलली. त्या सगळ्या फ्लेमिशमधून गुलअंदामच्या कानात एकच शब्द शिरला, आणि तो एकदा शिरला की मागून दुसरं काही आत येत नाही. पोलीस.

बसमध्ये शकीबानं समजावून सांगितलं. "ह्या आठवड्यात वस्तीचा पोलीस घरी येईल, बीबीजान. आपण खरंच तिथं राहतो का, एवढंच बघेल. त्यानं हो म्हटलं की नवा पत्ता लागतो. तुमचं कार्ड वसंतात संपतंय, ते नवं करायचं तर त्याआधी हे व्हायला हवं."

"कोण कोण राहतं ते बघणार?"

"हो."

"आणि माझं कार्ड संपतंय."

"हो, पण तो काही प्रश्न नाही…"

पुढचं गुलअंदामनं ऐकलं नाही. घरात कोण राहतं ते बघायला वर्दी येणार, आणि घरातल्या एका बाईचं कार्ड संपत आलंय. ह्या दोन गोष्टी एकत्र आल्या की काय करायचं, हे तिला कुणी बसमध्ये समजावायची गरज नव्हती.

तिचं सगळं तरणेपण मशहदमध्ये गेलं होतं. नवरा गुलाम हैदर गवंडी. दुसऱ्यांची घरं बांधायचा आणि स्वतः भाड्याच्या खोलीत राहायचा. इराणनं दिलेले कागद संपले, नवे मिळेनात, तेव्हापासून गल्लीत वर्दी शिरली की पोरं शीळ घालायची आणि खोलीतली माणसं भिंतीत जिरल्यासारखी नाहीशी व्हायची. एका सकाळी गुलाम हैदर तापानं घरीच पडून होता. गुलअंदामनं त्याला गाद्यांच्या ढिगामागं घातलं, चादर नीट केली, दार उघडलं आणि म्हणाली, मी विधवा बाई, पोराला घेऊन एकटी राहते. इतकं सरळ म्हणाली की वर्दीवाला ओशाळला. तो वळलाही. वळताना त्याची नजर खाली गेली. उंबऱ्यापाशी चुन्यानं माखलेले मर्दानी बूट.

सरहद्दीवरच्या इस्लाम कलाच्या नाक्यावरून गुलाम हैदरला पलीकडे, अफगाणिस्तानात ढकलून दिलं. हिवाळा संपताना तो चोरवाटेनं परत आला तो खोकला घेऊन, आणि मग तो खोकलाच त्याला घेऊन गेला. त्या दिवसानंतर गुलअंदामच्या उंबऱ्यापाशी कधी बूट राहिला नाही. मशहदमध्ये नाही, वाटेत नाही, अँटवर्पमध्येही नाही. सुनेनं टाकलेले बूट ती मुकाट्यानं उचलून कपाटात ठेवायची, आणि मुकाट्यानं म्हणजे सगळ्या घराला ऐकू जाईल असं पुटपुटत.

तर त्या आठवड्यात फर्हाद कारखान्यात, शकीबा धोबीखान्यात आणि यल्दा बालवाडीत गेली की गुलअंदाम कामाला लागायची. फर्हाद, शकीबा, यल्दा ह्यांचं सगळं कायदेशीर, त्यांना कुणी हात लावणार नाही. जास्तीची आहे ती मी. तिनं आपली गादी गुंडाळून माळ्यावर टाकली. कपडे, सुरमादाणी, जपमाळ, रक्तदाबाच्या गोळ्या सुटकेसमध्ये, सुटकेस गादीमागं. दात घासायचा ब्रश खिशात. मग ती दाराबाहेर गेली, घंटीशेजारची सगळ्यात खालची पट्टी नखानं सोलून काढली. टाकून मात्र दिली नाही. कसंही असलं तरी नाव होतं ते. घडी घालून तीही तिनं खिशात ठेवली.

गुरुवारी तो आला. लीव्हन त्याचं नाव. चांगला उंच, गाल थंडीनं लाल झालेले, काखेत सायकलची टोपी. फर्हादच्याच वयाचा असेल. गुलअंदामनं दार उघडलं तेव्हा अंगात कोट होता, डोक्याला बाहेर जायचा रुमाल होता. भाषेच्या वर्गात शिकलेली फ्लेमिश तिनं त्याच्यापुढे एकेक शब्द करून मांडली.

"मी पाहुणी. फर्हाद कामावर. शकीबा कामावर."

"तुम्ही फर्हादची आई ना?" पोलिसानं हातातला कागद बघून विचारलं.

"नाही. मावशी. हॅम्बुर्गहून. उद्या जाणार."

"आणि आई?"

"आई इथं राहत नाही," गुलअंदाम म्हणाली, आणि तिची पापणीही लवली नाही.

त्यानं खोल्या बघितल्या. फर्हादच्या खोलीत अंथरूण तसंच पडलेलं, यल्दाची खेळणी पायाखाली. तिसऱ्या खोलीत भिंती, खिडकी आणि उघडी फरशी. तो दारात थोडा वेळ उभा राहिला. गुलअंदामनं त्याला वेलदोड्याचा चहा दिला, वर बदाम दिले, "घ्या, तुमचंच घर आहे," असंही म्हणाली. त्यानं दोन पेले चहा घेतला, छान आहे म्हणाला आणि गेला. ती खिडकीतून त्याची सायकल वळेपर्यंत बघत राहिली. मग तिनं कोट काढला. इतक्या वर्षांत हात अजून बसलेला आहे, ह्याचं तिला बरं वाटलं.

संध्याकाळी पुलाव वाढता वाढता तिनं सगळी हकीकत सांगितली. पोलिसाचा आवाज काढून, मध्ये मध्ये थांबून, नीट रंगवून.

फर्हादचा घास हातातच राहिला. "मादरजान, तुम्ही काय म्हणालात त्याला?"

"म्हणाले, त्याची आई इथं राहत नाही. माझ्यासारखी आई आहे म्हणून सुटलास."

"अहो, तो तुम्हाला पकडायला आला नव्हता, मोजायला आला होता!"

"मोजायला? वर्दी घालून मोजतात?"

"इथं मोजतात," शकीबा म्हणाली. ती हसत नव्हती, आणि ती हसत नाही हे बघून गुलअंदामच्या हातातला झारा थांबला. शकीबा हळूहळू बोलली, एकेक गोष्ट जणू ताटात वेगळी वाढत. "त्यानं लिहिलं असेल, तुम्ही इथं नाही. अँटवर्पच्या घरात आता दुसरी माणसं आलीत. तिथला पोलीस जाईल, तोही लिहील, इथं नाही. मग तुम्ही कुठंच नाही. कुठंच नसलेल्या माणसाला कार्ड कोण देणार? ब्रुसेल्सवाले म्हणतील, ही बाई देश सोडून गेली."

"मी समोर बसलेय आणि देश सोडून गेले?"

"तुम्हीच सांगितलंत तसं."

"बाईमाणसानं दारात उभं राहून काहीतरी सांगितलं आणि त्यानं ते खरं मानलं? हा कसला पोलीस? चहा पिऊन गेला मेला माझा!"

फर्हाद उठून गच्चीवर गेला. मशहदमध्ये गाद्यांच्या ढिगाजवळ तो श्वास रोखून बसला होता, तेव्हा आठ वर्षांचा होता. आईला ओरडायचं कसं, ते त्याला येत नव्हतं.

शकीबा नगरपालिकेत जाऊन आली. पुन्हा एकदा येईल म्हणाले, पण दिवस सांगणार नाही. ह्या वेळीही नाही म्हटलं, तर कागद ब्रुसेल्सला जातील. गुलअंदामनं माळ्यावरून गादी खाली काढली, खोलीत अंथरली, आणि सुनेला बोलावलं. "आता ठीक आहे?"

शकीबानं खोलीभर नजर फिरवली. कोपऱ्यात गादी, तिच्यावर घडी घातलेली रजई, भिंतीशी बंद सुटकेस. बस.

"बीबीजान, रागावू नका," ती म्हणाली. "अँटवर्पलाही तुमची खोली अशीच होती. तुम्ही आत बसलेल्या असता तेव्हासुद्धा तिथं कुणी राहत नाही."

गुलअंदाम तिच्याशी दोन दिवस बोलली नाही. जेवणात मीठ कमी आहे एवढं तेवढं सांगितलं, पण ते भिंतीकडे बघून.

राग खरा होता, पण त्याच्या खाली दुसरं काहीतरी खुपत होतं. पोरगी उद्धट, पण खोटं बोलली नव्हती. दुसऱ्या दिवशी दुपारी गुलअंदामनं सुटकेस गुडघ्यांपुढे ओढली आणि उघडली. वरचे कपडे ती रोज काढायची, घालायची, परत ठेवायची. त्याच्या खालच्या थराला हात लागायचा तो फक्त हिवाळ्याच्या तोंडाशी. तिथं लोकरी मोजे, जाड शाल आणि फडक्यात बांधलेली वाळलेली तुती. वाटेची शिदोरी. दर हिवाळ्यात ती जुनी काढून अफगाण दुकानातली नवी बांधून ठेवायची. कुठे जायचं होतं तिला? हेरातमध्ये कुणी उरलं नव्हतं. मशहदला कुत्रंही विचारणार नव्हतं. हॅम्बुर्गला बहीण होती, पण बहिणीकडे जायला कुणी तुती बांधून ठेवत नाही. एकटं राहायला तिनं शिकवलं होतं मनाला, पळायलाही शिकवलं होतं. बसायला कधी शिकवलंच नव्हतं.

यल्दा बालवाडीतून आली तेव्हा गुलअंदामनं फडकं सोडून तिच्यापुढे ठेवलं.

"हे काय, बीबी?"

"खा."

"सगळं?"

"सगळं. ठेवायचं नाही."

मग ती कामाला लागली, पसारा करायच्या. बूट आणून उंबऱ्यापाशी ठेवले. एका रेषेत, टाचा भिंतीला, मोठ्यापासून लहानापर्यंत. ब्रश मोरीतल्या पेल्यात, दांडा भिंतीकडे. रुमाल खुंट्यांवर, दोन रुमालांत सारखं अंतर.

यल्दानं तुती चघळत बघितलं आणि विचारलं, "बीबी, आपण दुकान काढलंय का?"

शकीबा स्वयंपाकघरात तोंडाला ओढणी लावून हसली, हे गुलअंदामला पाठ असूनही दिसलं.

खोटा पसारा जमला नाही. खरा आला, तो मार्च सरता सरता एक दिवस लख्ख ऊन पडलं तेव्हा. अँटवर्पचं घर उत्तरेकडे तोंड करून होतं, तिथं गुलअंदामला कधी कुरूत वाळवता आलं नव्हतं. इथं तिच्या खोलीची खिडकी दक्षिणेकडे होती, आणि ऊन गादीपर्यंत यायचं. हे तिच्या लक्षात आलं आणि दुसरं काही सुचेनाच. तिनं दह्याचा चक्का टांगला, मीठ मळलं, तळहातावर गोळे वळले आणि अख्ख्या खोलीत पांढऱ्या फडक्यांवर मांडले. खिडकीच्या कठड्यावर, खुर्चीवर, सुटकेसच्या झाकणावर, शेवटी जागा पुरेना म्हणून गादीवरही. कोपरापर्यंत हात माखलेले, रुमाल खांद्यावर पडलेला, गोळ्यांची बाटली उघडीच राहिलेली, सुरमादाणी चक्क्याच्या पातेल्याशेजारी. बूट दारात होते, तिनं सकाळी अंगणातून येऊन घाईघाईत काढलेले. एक उलटा.

घंटी वाजली.

वाजली म्हणजे कोण, ते तिला चालतानाच कळलं. काचेपलीकडे निळी वर्दी दिसत होती. पाय आपोआप थांबले, कंबर आपोआप वाकली, आणि दाराशी पोचायच्या आत तिच्या हातात स्वतःचे बूट होते, छातीशी धरलेले, रुमालाखाली.

ती तशीच उभी राहिली. बाहेर माणूस पायांनी चाळा करत होता. बुटांना अंगणातला चिखल लागला होता, तो तिच्या सदऱ्याला लागत होता. लपवायचे कुठे? कपाट दोन पावलांवर होतं. कपाटात ठेवायचे, कोट घालायचा, हॅम्बुर्गची मावशी व्हायचं. सगळं येत होतं तिला. तिचं हे सोंग कुणी पकडूही शकलं नव्हतं, मशहदच्या त्या एका सकाळीखेरीज.

तिनं वाकून बूट खाली ठेवले. एक सरळ, आणि दुसरा, जरा थांबून, होता तसा उलटा. मग दार उघडलं.

लीव्हनच्या गालावर हसू आलं आणि मग ते तिथंच अडकलं. त्यानं तिच्या माखलेल्या हातांकडे बघितलं, मग खाली. "हॅम्बुर्गची मावशी?"

"आई," गुलअंदाम म्हणाली. "मी आई. मी इथं राहते." ह्या चार शब्दांसाठी तिला वर्गातला एक अख्खा हिवाळा लागला होता. "त्या दिवशी खोटं. भीती. जुनी भीती, तुमची नाही."

तो खोलीपर्यंत आला आणि दारातच थांबला, कारण पाय टाकायला जागा नव्हती. आंबूस वास नाकात गेला तसा त्यानं डोळे मिचकावले.

"हे काय आहे?"

"कुरूत. खा." तिनं अफगाण दुकानातून आणलेला एक वाळलेला गोळा त्याच्या हातावर ठेवला. त्यानं सभ्यपणानं तोंडात टाकला आणि दातांखाली कडाक्यानं आवाज झाला.

"चावू नको, पोरा! चोख! दात जातील, मग म्हणशील परक्या बाईनं पाडले!" हे सगळं ती फारसीत म्हणाली, पण त्याला कळलं. गालात गोळा घेऊन तो हसला, बाटली, ब्रश, सुरमादाणी, सगळं बघितलं, आणि आपल्या वहीत काही लिहिलं. "तुम्ही इथं राहता," तो म्हणाला. विचारलं नाही, म्हणाला. "नगरपालिका कार्डासाठी बोलावेल." मग दारातून बाहेर पडताना घंटीकडे बोट दाखवलं. "नावं मात्र दोनच आहेत."

गुलअंदामनं चक्क्याचे हात सदऱ्याला पुसले, खिशातून घडी घातलेली पट्टी काढली. सोललेल्या पट्टीला आता कसला डिंक. लीव्हननं आपल्या पिशवीतून चिकटपट्टी काढून फाडून दिली. तिनं ती नीट निरखली, वर धरली, खाली धरली, आणि लावली. तो सायकलवर बसून गालातला गोळा चोखत निघून गेला.

संध्याकाळी शकीबा आली ती दाराबाहेर जरा जास्तच वेळ उभी राहिली. मग आत आली, एक बूट पायरीवर, दुसरा भिंतीला.

"बीबीजान! तो आला होता? काय म्हणाला?"

"म्हणाला, राहते."

शकीबानं डोळे मिटले, उघडले. सासूचा हात धरायला ती पुढे झाली, पण त्या घरात तसं चालत नव्हतं, म्हणून ती खाली वाकली आणि आपले बूट उचलायला लागली.

गुलअंदाम स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "थांब. मला बोलू दे," ती म्हणाली. "तुला वळण नाही, शकीबा. तुझ्या आईनं लावलं नाही, आता मी लावूनही लागणार नाही. सासूचं नाव सुनेच्या खाली लावतात का कुठं? ते मी आज वर नेलंय, फर्हादच्याही वर, आणि त्याला कुणी हात लावायचा नाही. सलवारी दोरीवर टाकायच्या तर पुढे तुझ्या, मागे माझ्या. आणि बूट… उंबऱ्यापाशी बूट टाकायला भीती वाटत नाही, अशाच घरात पोरी इतक्या बेशिस्त निपजतात. तू बेशिस्तच राहा. ठेव ते खाली."